औंधचे राजेसाहेब आणि भिंतीवाचूनचे स्वतंत्रपूर

रथसप्तमीला आपल्या मंडळात सामुदायिक सूर्यनमस्कार होतात. लहान मुलींपासून साठी उलटलेल्या आजींपर्यंत सगळ्या जणी पदर खोचून उभ्या राहतात. पण हा व्यायाम घरोघरी पोहोचावा म्हणून ज्या गृहस्थाने उभा जन्म वेचला त्याचे नाव विचारले, तर दहांतल्या दोघीतिघींना सांगता येईल. ते नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. औंधचे राजे. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

स्मरणिकेसाठी एक चरित्र लिहावे असे ठरले तेव्हा मी हेच नाव सुचविले. त्याचे कारण मात्र सूर्यनमस्कार नव्हे. तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न गेल्या वर्षभर आपल्या मंडळात निरनिराळ्या निमित्तांनी निघाला आणि दर वेळी अर्धवट राहिला. ह्या प्रश्नाला आपल्याच महाराष्ट्रात, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, एका संस्थानिकाने हात घातला होता, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसावे.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. घराणे मोठे. राजाराम महाराज आणि शाहू महाराज ह्यांच्या काळी परशुराम त्रिंबक ह्या पुरुषाने पराक्रम करून प्रतिनिधिपद मिळविले, त्यांचे हे वंशज. परंतु घराणे मोठे असले तरी संस्थान लहान. सारी मिळून ७२ गावे, आणि तीही एकसंध नव्हेत. काही आजच्या साताऱ्यात, काही सांगलीकडे, काही थेट विजापुराकडे. मध्येच इंग्रजांचा मुलूख, मध्येच दुसऱ्या संस्थानिकाचा. चिंध्या जोडून गोधडी शिवावी तसा तो मुलूख होता. राजधानी औंध म्हणजे यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचे एक खेडेच. पाऊस बेताचा, आटपाडीच्या बाजूला तर माणदेशाचा दुष्काळ पाचवीला पुजलेला.

भवानराव धाकट्या पातीचे. गादी आपल्याकडे येईल असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. त्यामुळे असेल, पण त्यांचे शिक्षण राजपुत्रासारखे न होता साध्या मुलासारखे झाले. साताऱ्याच्या शाळेत आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले आणि बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकाच्या मुलाने परीक्षा देऊन पदवी घ्यावी ही नवलाईची गोष्ट होती. वडिलांच्या हाताखाली त्यांनी कारभारही पाहिला. पुढे घरात मृत्यू झाले, वारशाचे तंटे झाले, आणि १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते गादीवर आले. ज्याला मागून मिळते त्याला किंमत कळते म्हणतात. त्यांच्या बाबतीत ते खरे ठरले असे मला वाटते.

त्यांचा दिवस पहाटे सुरू होई. सूर्यनमस्कार हा त्यांचा नुसता व्यायाम नव्हे, ध्यासच होता. त्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, इंग्रजीतही लिहिले. पुढे १९३८ साली विलायतेत एका बाईंनी त्यांची पद्धत इंग्रज वाचकांसाठी संपादून प्रसिद्ध केली. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. ह्या सक्तीबद्दल लोक मागे थट्टाही करीत असतील. राजाच्या छंदापुढे प्रजेची पाठ वाकणारच! पण बायकांनीही हा व्यायाम करावा, गृहिणीच्या शरीराला त्याची अधिक गरज आहे, हे ते ज्या काळी आग्रहाने सांगत होते त्या काळी बाईमाणसाने व्यायाम करायचा म्हणजे लोकांनी तोंडाला पदर लावून हसायचे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ते स्वतः चित्रे काढीत. रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रे १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. अजिंठ्याच्या लेण्यांवर आणि वेरुळावर त्यांनी लिहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे जे प्रचंड काम झाले त्याला आरंभीची चालना आणि पैसा त्यांनी दिला. ते कीर्तन करीत. राजा उभा राहून कीर्तन करतो आहे आणि शेतकरी मांडी घालून ऐकतो आहे, हे दृश्य औंधात नित्याचे होते. १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरले त्याचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवर १९३८ साली त्यांनी वस्तुसंग्रहालय उघडले, ते आजही आहे. साताऱ्याकडे गेलात तर अवश्य पाहा. बरोबर मुले असतील तर अधिकच पाहा.

औंधची शाळा त्या काळी गरीब मुलांचा आसरा होती. साने गुरुजी तेथे काही काळ शिकले. ग. दि. माडगूळकरांचे शिक्षणही औंधचे. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश ह्यांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या लहानशा वाडीला तालमीच्या निमित्ताने भेट देणारा जो राजा आहे, तो औंधचाच.

आता मूळ विषयाकडे वळते. १९१० साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना उठवावा लागला. त्यांची जागा नगरपालिकेला हवी होती. कोठे जावे हे कळेना. तेव्हा भवानरावांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. निवडुंगाचा, सापाकिरडूंचा तो माळ; त्याचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. ती वसाहत वसविताना लक्ष्मणरावांनी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोन माणसांना त्यांनी वसाहतीच्या राखणीवर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दाराला दुहेरी कडी घालीत त्यांच्याच हाती रात्रीची राखण! आणि ती राखण त्यांनी इमानाने केली. ही करणी लक्ष्मणरावांची, राजाची नव्हे, हे खरे. पण ती औंधच्या मातीत घडली, राजाने दिलेल्या जमिनीवर घडली. पुढच्या प्रयोगाचे बी तेथेच कोठे तरी पडले असावे असा माझा आपला तर्क आहे.

तो प्रयोग होण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. दरम्यान देशात वारे बदलले होते. राजाचे चिरंजीव आप्पासाहेब विलायतेत शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. त्यांच्या ओळखीने औंधात एक विलक्षण मनुष्य आला. त्याचे नाव मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडचा ज्यू, धंद्याने इंजिनियर, बंगळूरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यावर मोठा अधिकारी. पण मनाने संन्यासी. भगवी वस्त्रे घालून भारतानंद हे नाव त्याने घेतले होते. गांधीजींच्या संगतीत राहून त्याने धनुष्याच्या आकाराचा एक सुटसुटीत चरखाही तयार केला. मुंबईकर भगिनींना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हाच फ्रीडमन पुढे म्हातारपणी खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या माडीवर जाऊन बसे, आणि महाराजांच्या बोलण्याचे त्याने केलेले इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघून जगभर गेले. १९७६ साली मुंबईतच तो वारला.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या भवानरावांनी आपल्या वाढदिवसाच्या समारंभात सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावोगाव पंचायती, त्यांवर तालुक्याची सभा, त्यावर कायदेमंडळ. राजाने आपला खर्च आटोपता घेतला. भोवतालचे मोठमोठे संस्थानिक तोफांच्या सलाम्या मोजीत बसले असताना, ज्याला एकही तोफ मिळत नसे अशा ह्या लहानशा राजाने आपण होऊन राज्य सोडले. पुढे १९४२ च्या चळवळीत साताऱ्याकडच्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला, त्याचे मूळ ह्या बदललेल्या कारभारात आहे.

राज्य गावाच्या हाती द्यायचे, तर तुरुंगाचे काय करायचे? तुरुंगात बसलेला माणूसही कोणत्या तरी गावाचाच असतो. चावडीवर न्याय गावाने करायचा आणि शिक्षा झालेल्या माणसाला मात्र गावापासून तोडून दगडी कोठडीत टाकायचे, हे फ्रीडमनला विसंगत वाटले. त्याने राजाकडे मागणी केली की कैदी माझ्या स्वाधीन करा; त्यांना बेड्या नकोत, कोट नको, बंदुकवाला पहारेकरी नको. द्यायची ती जमीन द्या.

राजाच्या जागी आपण असतो तर काय केले असते, असा विचार मी पुष्कळदा करून पाहिला. कैद्यांत खुनाच्या गुन्ह्यातले लोक होते. मारले गेलेल्यांची घरे त्याच संस्थानात होती; त्यांच्या विधवा, त्यांची मुले ह्याच राजाची प्रजा होती. कैदी पळाला आणि त्याने पुन्हा कोणाचा जीव घेतला तर लोक राजालाच बोल लावणार. इंग्रज रेसिडेंट तर टपूनच होता. पण सत्तरीच्या ह्या म्हाताऱ्याने होकार दिला. १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर ही वसाहत सुरू झाली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाला असे नाव देण्यास छाती लागते.

जागा काही नंदनवन नव्हती. माणदेशातला तो उजाड, तापलेला माळ. कैद्यांनी जमीन कसायची आणि तिच्यावर पिकवायचे. भोवती तट नाही, काटेरी तार नाही. मनात आले तर रात्रीतून चालत निघून जावे. पण ह्या योजनेतले मर्म भिंत नसण्यात नाही, असे मला वाटते. मर्म दुसऱ्याच गोष्टीत आहे, आणि ती आपण बायकांनी चटकन ओळखावी अशी आहे. स्वतंत्रपुरात कैद्याला आपली बायको आणि मुले आणून राहता येऊ लागले.

ह्याचा अर्थ नीट पाहू. नवरा तुरुंगात गेला म्हणजे शिक्षा एकट्याला होत नाही. मिळवता हात गेला की पहिल्याने खोलीचे भाडे थकते. सासरचे म्हणतात तुझ्या पायगुणाने झाले, माहेरचे म्हणतात आम्ही किती दिवस पोसावे. मुलगा शाळेत मारामारी करून येतो, कारण कोणी तरी बापाचे नाव काढलेले असते. मुलीचे लग्न जमत नाही. दहा-बारा वर्षांनी नवरा सुटून येतो तेव्हा ज्या घरी यायचे ते घरच जागेवर नसते. बायको कोठे तरी धुणीभांडी करून जगत असते. मुले त्याला ओळखत नाहीत, ओळखली तरी बोलत नाहीत. तुरुंगात त्याला दिवसाचे सारे काम घंटेवर करण्याची सवय झालेली. कधी उठावे, कधी खावे, हे ठरविण्याची शक्तीच उरलेली नसते. असा माणूस एका सकाळी गावापर्यंतचे भाडे हातात घेऊन दरवाजाबाहेर उभा राहतो.

स्वतंत्रपुराने हे सुटणे एका सकाळचे न ठेवता काही वर्षांचे केले. शिक्षा अजून चालूच आहे. पण माणूस शेतावर राबतो, संध्याकाळी आपल्या घरी जातो, चुलीवरची भाकर खातो, मुलाला काय आले काय नाही ते पाहतो, बायकोशी भांडतो आणि समजूतही घालतो. संसार ही करायची सवय आहे, ती मोडली की पुन्हा हळूहळूच लागते. सुटण्याचा दिवस येतो तेव्हा त्याच्याजवळ घर नसले तरी घरात राहण्याची रीत असते. पळून जाण्याचा विचार मनात आला तरी निजलेली मुले टाकून जाणे दगडी कोटावरून उडी मारण्याहून अवघड. राजाने पहारेकरी काढले, पण खरे म्हणजे त्यांच्या जागी दुसरे, अधिक जागरूक पहारेकरी आणून बसविले!

त्या पहारेकरणींचा विचार कोणी केला होता काय? ही शंका मला सोडीत नाही. नवऱ्याच्या गुन्ह्याशी जिचा संबंध नाही, ती बाई आपले गाव, आपली ओळख सोडून कैद्यांच्या वसाहतीत येऊन राहिली. तिला कोणी विचारले असेल का? की नवरा जेथे ठेवील तेथे बायकोने राहावे एवढेच गृहीत धरले? त्या बायकांची नावे कोणत्याही पुस्तकात आढळत नाहीत. राजाचे नाव राहिले, फ्रीडमनचे राहिले, आप्पासाहेबांचे राहिले. माळावर चूल मांडणारीचे राहिले नाही. स्वतंत्रपूर टिकले ह्याचे निम्मे श्रेय मी तिला देते, आणि हे लिहिताना राजेसाहेबांचा अनादर होतो असे मला वाटत नाही.

प्रयोग चालू झाला, परंतु संस्थानाचे दिवस भरत आले होते. स्वातंत्र्य आले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. पुष्कळ संस्थानांतल्या चांगल्या गोष्टी विलीनीकरणात वाहून गेल्या. कचेरीतल्या कारकुनाला त्यांचे कारण कळेना म्हणून बंद पडल्या. स्वतंत्रपूर मात्र सरकारने चालू ठेवले. राजेसाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. वय ब्याऐंशी वर्षांचे होते. आप्पासाहेब पुढे देशाचे राजदूत म्हणून आफ्रिकेत, इंडोनेशियात, इजिप्तमध्ये, इंग्लंडात गेले आणि औंधच्या ह्या दिवसांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले.

राजेसाहेबांच्या पश्चात सहा वर्षांनी, १९५७ साली, व्ही. शांताराम ह्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. एक तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर जातो आणि त्यांच्याकडून शेती करवितो, ही त्याची कथा. कथा लिहिली होती ग. दि. माडगूळकरांनी. ते त्याच मुलखातले, त्याच राजाच्या शाळेतले. त्यांना स्वतंत्रपूर कोणी सांगावे लागले नसणार. चित्राला राष्ट्रपतींचे पदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या उत्सवातही बक्षीस मिळाले. आपल्यांतल्या जुन्या भगिनींनी ते पाहिले असेल. गाणी तर सर्वांनाच येतात. मात्र चित्रात एक मोठा फरक केलेला आहे. पडद्यावरचे कैदी एकटे आहेत. जेलरच्या दोन डोळ्यांच्या धाकात आणि मायेत ते सुधारतात. बाई येते ती खेळणी विकणारी, वाटेने जाणारी. नाट्यासाठी ते ठीकच आहे. पण त्यामुळे लोकांच्या मनात असे राहून गेले की एक देवमाणूस भेटला म्हणजे कैदी सुधारतो. औंधच्या राजाने देवमाणसाच्या भरवशावर काम ठेवले नाही. त्याने जमीन, काम, घर आणि कुटुंब ह्या चार साध्या गोष्टी दिल्या, आणि त्या दिल्या म्हणूनच राजा गेल्यावर, फ्रीडमन गेल्यावरही वसाहत चालू राहिली.

स्वतंत्रपूर आजही सांगली जिल्ह्यात आटपाडीला आहे आणि सरकारच्या तुरुंग खात्याकडे आहे. जागा थोड्या, तीसच्या आत. शिक्षेचा बराच भाग चांगल्या वर्तनाने काढलेल्या, निवडक कैद्यांनाच तेथे घेतात. महाराष्ट्रात पुढे इतरत्रही खुले तुरुंग निघाले, येरवड्याला आणि पैठणला. पण कुटुंब बरोबर घेऊन राहण्याची मूळ रीत स्वतंत्रपुराची.

येथवर वाचून एखादी भगिनी म्हणेल, आटपाडीच्या माळाचे गोवंडीत काय? आमच्याकडे दहा बाय दहाची खोली मिळत नाही, आणि तुम्ही जमिनीच्या गोष्टी सांगता! हे म्हणणे वाजवी आहे. शिवाय स्वतंत्रपूर आहे शिक्षा झालेल्यांसाठी. आज आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत जवळजवळ तीन अशी आहेत की ज्यांचा खटला अजून चालू आहे, शिक्षा झालेलीच नाही. ती दोन-दोन, तीन-तीन वर्षे आत राहून एके दिवशी जामिनावर किंवा निर्दोष म्हणून बाहेर येतात. त्यांना ना खुली वसाहत, ना कामाची मजुरी गाठीला. आर्थर रोडच्या किंवा भायखळ्याच्या दरवाजातून संध्याकाळी उशिरा सुटका झाली आणि घरचे कोणी घ्यायला आले नाही, तर तरुण बाईने त्या रात्री कोठे जावे? भायखळ्याच्या तुरुंगात बायकांबरोबर त्यांची लहान मुलेही असतात. सहा वर्षांपर्यंत मुलाला आईजवळ राहता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा निर्णय आहे. सहा वर्षांचे झाले म्हणजे ते नातेवाइकाकडे किंवा बालगृहात जाते, आणि आई सुटली की तिला पहिली धावपळ ते मूल परत मिळविण्याची करावी लागते. मूल द्यायचे तर अधिकारी विचारतात, राहता कोठे? खोली घ्यायची तर मालक विचारतो, आधी कोठे राहत होता? भाडेकरूची नोंद पोलिसांत करायची असते. तेथे नाव गेले की मालक डिपॉझिट परत करतो.

आणि आपण गोवंडीकरांनी ह्याबद्दल परकेपणाने बोलू नये. शहराला जे जे डोळ्यांआड हवे होते ते ते ह्या बाजूस आणून ठेवण्याची रीत जुनी आहे. कचऱ्याचा डेपो देवनारला, कत्तलखाना देवनारला, भिक्षेकरी गृह चेंबूरला, अनाथ आणि चुकलेल्या मुलांच्या संस्था मानखुर्दला. शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीचा पत्ता सांगितला की नोकरी देणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या मुलांना विचारा. नुसत्या पत्त्यावरून माणसाला दाराबाहेर ठेवणे म्हणजे काय, ते आपण सोसलेले आहे. तरीही वर्षापूर्वी शेजारच्या एका बाईचा मुलगा सुटून आला तेव्हा नळावर काय काय बोलले गेले, ते मी येथे लिहीत नाही. ज्या तेथे होत्या त्यांना आठवेल.

ह्याच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली नागपाड्याला सुरू झालेली ही शाळा १९५४ साली येथे आली. तिच्या गुन्हेगारीशास्त्र विभागातून १९९० साली ‘प्रयास’ हे काम निघाले. तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या बायकांना व तरुण मुलांना वकील गाठून देणे, घरच्यांशी पुन्हा बोलणे जुळविणे, कामाचे शिक्षण आणि उमेदवारी मिळवून देणे, राहण्याची तात्पुरती सोय लावणे, हरवलेली कागदपत्रे करून देणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. ऐकायला साधे वाटते. पण रेशनकार्ड नाही म्हणून खोली नाही आणि खोली नाही म्हणून रेशनकार्ड नाही, ह्या चक्रात ज्या सापडल्या आहेत त्यांना त्याची किंमत कळेल.

भवानरावांजवळ ७२ गावे होती. आपल्या मंडळाजवळ एक सभागृह, त्यामागची खोली, सात शिवणयंत्रे आणि पापडाची ऑर्डर आहे. मागच्या खोलीत सध्या गणपतीच्या मखराचे सामान आणि मोडक्या खुर्च्या आहेत. तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना शिवणवर्गात घ्यावे की नाही, आणि ती खोली रिकामी करून अडल्या बाईला मुलासह आठ-पंधरा दिवस राहू द्यावे की नाही, असे दोन प्रश्न कार्यकारिणीपुढे आहेत. पहिल्याला फारसा विरोध नाही. दुसऱ्याला आहे, आणि विरोध करणाऱ्या भगिनी काही निर्दय नव्हेत. रात्री जबाबदारी कोणाची, तिचा नवरा दारू पिऊन दारात आला तर काय, सोसायटीने तक्रार केली तर काय, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. औंधच्या दरबारातही असेच प्रश्न निघाले असतील. दुसरा ठराव वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या बैठकीत मताला टाकायचा आहे. सभासद भगिनींनी त्या दिवशी जरूर यावे. मखराचे सामान कोठे हलवायचे हेही तेव्हाच ठरवावे लागेल.